मागाच्या खटखटीत अभ्यास

माझ्या बायकोचे मामा पाठीशी असले तं बैलालेही इंजिनिअरिंग कॉलेजात ॲडमिशन भेटली असती. बैलानं फक्त त्याइचं ऐकून घ्याले पाहिजे होतं. मामाजी सोता मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले, पण कुठं मोठ्या कॉलेजाची परीक्षा असली का हे फाटकाशी उभे. बाहेर येणाऱ्या पोट्ट्याइले इचारत, काय खाल्लं, कवा झोपला, कोणता सवाल आधी सोडवला. त्यातून त्याइनं आपलं शास्त्र बनवलं होतं. "सोपं आधी, अवघड मंग," म्हणत. "अन् एकाच कॉलेजच्या भरवशावर राहू नये. लग्नाले एकच स्थळ पायते का कोणी?" माझ्या बायकोनं एकच पायलं होतं. ती माझ्याकडे पाहून मान हलवे.

मी कोष्टी माणूस, शाळेचं अन् माझं दुसरीतच फाटलं. माझी लेक सुमन मात्र कोणावर गेली देव जाणे. तिले मुंबईच्या मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजात जाचं होतं. माझ्या बापानं सांगून ठेवलं होतं, औंदा नाही जमलं तं उमरेडचं स्थळ पक्कं. म्हणून मामाजी रोज संध्याकाळी नंदनवन वस्तीतून सायकलीनं येत, तिच्यासमोर घड्याळ ठेवत अन् सवाल देत. मी हातमाग बंद कराले गेलो का ओरडत, "जावई, चालू ठेवा. या खटखटीत जिले गणित जमलं, तिले परीक्षेत कोण अडवते?" अभ्यासात माझा उपयोग व्हाची ही पहिलीच वेळ. मी असा जोर लावला का लुगड्याची किनार वाकडी झाली, अन् माल घेणाऱ्या शेठनं ते लुगडं माझ्याच अंगावर फेकलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळचा पेपर देऊन सुमन रडतच बाहेर आली. "आजोबा, आत लय शांत आहे. डोकंच नाही चालून राहिलं." मामाजीचं तोंड उतरलं. इतके वर्षं फाटकाशी उभे राहून हे एक त्याइनं कोणाले इचारलं नव्हतं. "चूक माझी आहे वं," म्हणे. मंग म्हणाले, "दुपारी बेंचाखाली पाय चालव. मागावर बसल्यावानी. हळूच."

दुपारी उघड्या दारातून तिचे पाय तेवढे दिसत होते. उजवा, डावा, उजवा. मामाजी बाहेर लिंबाखाली तसेच पाय हालवून राहिले होते, अन् त्याइचं पाहून मीही. चपराशी आला अन् नेमका मलेच म्हणे, "भाऊ, पेशाबघर तिकडे आहे."

निकाल लागेपर्यंत मामाजीनं कोणालेच सल्ला देला नाही. पोट्टे इचाराले त्याइच्या घरी गेले तं म्हणत, "मले काही समजत नाही गा." सुमनचा नंबर लागला तवा कुठं त्याइनं सायकल बाहेर काढली. मोहल्ल्यात पेढे माझ्या बापानंच वाटले.

स्टेशनवर गाडी निघाली तशी सुमननं खिडकीतून इचारलं, "आजोबा, काही सांगाचं राहिलं का?" मामाजी नुसते म्हणाले, "जेवत जाय वं." गाडी दिसेनाशी झाली तरी ते जागचे हलेनात. "जावई," म्हणे, "पोट्टी जराशी कच्ची राहिली असती तं इथलंच कॉलेज भेटलं असतं न? रोज संध्याकाळी दिसली असती."

मी त्याइले चहाच्या ठेल्यावर नेलं. माझा कप रिकामा झाला, त्याइच्या चहावर साय धरली.