दात्यांतली शाडूची धूळ

एकदा हमरापूरला आमच्या मूर्तीच्या कारखान्यात मी, सून सुलू, शेजारची बायजा आन् शिलाईच्या मशीनी दुरुस्त करणारा पेणचा मशीनवाला, इतकीच होतो. गणपतींचे शेले सांजच्याला द्यायचे, आन् माझ्या मशीनवर कापड सुईखाली पुढं सरकंना. नवरा गेल्यापासून ह्याच मशीनवर घर चाललंय.

मशीनवाला माणसांशी कमी, मशीनशी जास्त बोलतो. सुईखालची पट्टी काढून मशीनला म्हणाला, “काय गो बाय, दात घासत नाय?”

बायजा आपलं बोळकं दाखवत बोलली, “तिला निदान दात हायत!”

कापड पुढं नेणाऱ्या दात्यांत शाडूची धूळ बसलेली. त्यानं ती ब्रशानं काढली, चाक फिरवलं, आन् दोन्ही हात पाठीमागं बांधून पाय मारत राहिला. कापड आपसूक चाललं.

मला म्हणाला, “कापड ओढू नको गो आये, ती नेते.”

आम्ही हसतच सुटलो. शेले येळेत गेले.

तो तुमच्याकडं आला तर चहा द्या. मागत नाय तो कधी.