अफसाना मॅडमचा राउंड
अकोल्याच्या जुन्या शहरात वाढलेल्या डॉक्टर अफसाना मॅडम बावीस वर्षं खाटेशेजारी उभं राहून शिकवत होत्या आणि बावीस वर्षं एकाच गोष्टीवर चिडत होत्या. पोरं पेशंट सोडून फाइल वाचतात!

कपाशीवर फवारणीचे दिवस होते. इंटर्न धर्मेंद्रनं घडाघडा वाचलं, "देवमन, वय चाळीस, बार्शीटाकळी. कीटकनाशक प्यायलाय."

"तू पाह्यलं का त्याले पेताना?"

"फाइलमध्ये लिहिलंय, मॅडम."

"ठेव ते फाइल. त्याले कुशीवर कर अन् पाठ पाह्य त्याची."

देवमनच्या पाठीवर, फवारणीचा पंप टेकतो तिथं, कातडी लालभडक झाली होती.

"पेलो नाई मॅडम, फवारून राहिलो होतो," तो म्हणाला. "पंप गळे. मले कोणी इचारलंच नाई."

"दोन दिवसांत बारा जण येऊन गेले! एकाच्याबी तोंडात जीभ नव्हती?" मॅडमचा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. धर्मेंद्र घाईघाईनं फाइलमध्ये खाडाखोड करू लागला.

"ते राहू द्या," देवमन म्हणाला. "आधी माह्या बायकोले सांगा. तुमीच तिले सांगतलं, म्या जहर घेतलं म्हणून. परवापासून माह्याशी बोलून नाई राहिली."