हातावर पाच वास, आणि रोहण्याची बस

यंदा चैत्र लागायच्या आधीच वर्ध्यात ऊन तापलं. दरवर्षी या दिवसांत आमच्या घरी एक छोटासा समारंभ असतो. दोन बाजा अंगणात निघतात. एक माझी, एक विमलची, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींची. मधे पाण्याचा माठ, उशाशी हातपंखा, आणि झोप येईपर्यंत इकडच्या तिकडच्या गप्पा. लग्न झाल्यापासून एकाही उन्हाळ्यात यात खंड नाही. यंदा मी माझी बाज झटकून बाहेर काढली आणि तिच्या बाजेला हात घातला, तर ती म्हणाली, "माही राहू द्या आतच."

कारण मला माहीत होतं. दिवाळीनंतर तिला कावीळ झाली. कावीळ गेली, पण जाताना तिचं नाक बिघडवून गेली. गोड, जड वास आला की तिच्या पोटात ढवळतं. आणि मी कोण, तर चाळीस वर्षं कानात अत्तराचा फाया घालून मराठी शिकवलेला मास्तर. पोरं माझ्या मागे मला 'मोगरा सर' म्हणत. मला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

अत्तर सोडून पाहिलं. त्यानं एवढंच झालं की गुडघ्याला लावायच्या तेलाचा वास उघडा पडला. तोही तिला सोसेना. तीन महिने झाले, ती आतल्या खोलीत आणि मी ओसरीवर. बोलणं चालतं, चहा येतो, पण कप ठेवून ती चार पावलं मागे सरकते. त्या चार पावलांची मला फार सवय व्हायला लागली होती, म्हणून भीती वाटली.

"तुले कोणता वास चालंल, ते तरी सांग," मी विचारलं.

"मले कोणताच नको जी," ती म्हणाली आणि पदर नाकाला लावून आत गेली.

नातीनं फोनवर सल्ला दिला की उन्हाळ्यात अत्तर नकोच, लिंबू-संत्र्याचे, फळांचे हलके सुगंध लावावेत. ती 'संत्र्याचे' म्हणाली आणि माझं मन एकदम लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात गेलं. विमलचं माहेर रोहणा, आर्वी तालुक्यात. घरची संत्र्याची बाग. तेव्हा पुलगावहून छोटी गाडी जायची, अगदी सावकाश, खिडकीतून हात काढला तर बाभळीची पानं हातात यावीत अशी. त्या गाडीत, आजूबाजूला कुणी ऐकत नाही असं पाहून, ती मला म्हणाली होती, "मले बहाराचा वास लय आवडते."

मी नुकताच शिक्षक झालो होतो. बहर! वर्गात फळ्यावर शब्दार्थ लिहून द्यायचो: बहर म्हणजे झाडाला फुलं येण्याचा काळ. आपली बायको असं बोलते याचं मला काय अप्रूप वाटलं! वर्ध्याला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी मोगऱ्याचा गजरा आणला. तेव्हापासून फुलांची अत्तरं, फुलांचं तेल, फुलांची उदबत्ती.

म्हणून आता ठरवलं, त्या बागेतच जायचं. तो बहर प्रत्यक्ष हुंगायचा आणि त्याच्याशी जुळणारी बाटली शोधायची. माझा साळा शरद, विमलला 'बाई' म्हणणारा तिचा धाकटा भाऊ, आता बाग पाहतो. त्याला फोन केला.

"बहर आहे का रे सध्या?"

"जोरात आहे, भाऊजी! याजा."

विमलला सांगितलं की शरदकडे जाऊन येतो, संध्याकाळपर्यंत परत. ती एवढंच म्हणाली, "उन्हाचे कायले जाता? दुपट्टा बांधजा."

निघायच्या आधी सकाळी दहाला बाजारातल्या एका सुगंधाच्या दुकानात गेलो. दुकान इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं आली तर एकानं बाहेर थांबावं. चालवणाऱ्या ताई चाळिशीच्या, फार समजूतदार. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मधे एकदाही हसू येऊ दिलं नाही.

"काका, आजारी माणसाच्या नाकासाठी घेऊन राह्यले ना? मंग घाई करू नका," त्या म्हणाल्या. "पाच देते. पट्टीवर बी घ्या अन् हातावर बी. कागदावर एक येते, चामडीवर दुसरंच निंघते. अन् मनगटं घासू नका. लोकं उगाच घासते."

तुम्हांला असे सुगंध घ्यायचे असतील तर त्यांनी सांगितलेलं इथे लिहून ठेवतो. लिंबूवर्गीय सुगंध उन्हाळ्यात उत्तम, पण टिकत नाही. अर्धा तास, फार तर पाऊण. फळांचे गोड सुगंध जास्त टिकतात, पण उन्हात अंगावर येतात. आणि लिंबाच्या काही तेलांवर ऊन पडलं तर कातडीवर डाग उठतात, म्हणून लावलेली जागा झाकून ठेवायची. मी पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता. डाव्या हातावर मनगटापासून वर लिंबू, संत्रं, मोसंबी. उजव्यावर कलिंगड, आणि कोपराजवळ पाचवा एक.

"हा संत्र्याच्या पानाचा, कवळ्या काडीचा," ताई म्हणाल्या. "कोणी घेत नाई हा. कडवट वाटते लोकाले."

विसरू नये म्हणून मी प्रत्येक जागेशी बॉलपेननं एक अक्षर लिहिलं. पाचही कागदी पट्ट्या खिशातल्या वहीत, वेगवेगळ्या पानांत ठेवल्या.

वर्ध्याहून पुलगावला बस पुष्कळ आहेत. माझ्या वयाला अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास खिशाला कळतही नाही. डाव्या बाजूची खिडकी धरा, सकाळी तिकडे सावली असते असं मला कंडक्टरनं सांगितलं. ते खोटं निघालं. दोन्हीकडे ऊन होतं.

बस सुटली आणि मी बाही वर करून एकेक जागा हुंगायला लागलो. शेजारी नऊवारीतल्या एक आजी बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. त्यांनी बराच वेळ सहन केलं.

"काय झालं भाऊ हाताले? अक्षरं काऊन काहाडली?"

"वास तपासून राह्यलो, बाई. घरी बायकोले चालंल असा एक शोधाचा आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग हात पुढे केला. "आना बरं."

मी हात दिला. लिंबाशी त्या म्हणाल्या, "हा भांडे घासाचा." खरंच होतं. पहिल्या दहा मिनिटांत फार तजेलदार वाटलेला लिंबू आता भांड्यांच्या साबणावर आला होता. वहीत लिहिलं: पस्तीस, काठावर पास. संत्र्याला त्या म्हणाल्या, "हे गोळी. लेकरं चोखते ते." बेचाळीस. मोसंबीला त्यांनी नुसतं तोंड वाकडं केलं. मला मात्र तो बरा वाटला होता, रसवंतीच्या दारातून जाताना यावा तसा. पन्नास दिले. कलिंगड मीच ओळखलं. हुबेहूब शाळेतलं वासाचं खोडरबर! असली खोडरबरं मी जन्मभर पोरांच्या नाकापासून हिसकावून घेतली आणि आता स्वतःच्या हातावर तेच.

पाचव्या जागेवर त्यांनी नाक नेलं आणि पुन्हा नेलं. "हा काहाचा? झाडपाल्याचा? हा तं वासच नाई भाऊ, हे तं वावर आहे."

मलाही तो शेतासारखा वास नको होता. विमलला फुलांचा बहर आवडायचा, पानाचा काय उपयोग? नापास, असं लिहून वही मिटली.

पुलगावला उतरून तर्री-पोहे, म्हणजे वरून झणझणीत रस्सा घातलेले पोहे, खाल्ले. स्टँडबाहेर मिळतात. तिखट आहेत, पण तर्री कमी टाक म्हटलं की कमी टाकतात. तिथून रोहण्याच्या बसला चाळीस मिनिटं थांबावं लागलं. पाणी सोबत ठेवा. छोटी गाडी बंद होऊन किती वर्षं झाली तरी त्या बाजूला माझी नजर गेलीच.

रोहण्याला शरद फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभा होता. साठीचा माणूस, पण मला पाहून अजून लहान साळ्यासारखा डोळे मिचकावतो.

"घरी जेवून मंग जाऊ बागेत."

"आधी बाग," मी म्हटलं. "मले बहर पाहाचा आहे."

बांधाशी उतरलो. मी डोळे मिटून लांब श्वास घेतला. पांढऱ्या फुलांचा, गोडसर, मधासारखा वास येईल अशी तयारी करून आलो होतो. नाकात आलं ते वेगळंच. हिरवं, कडवट, जरा झोंबणारं. डोळे उघडले तर झाडांवर एक फूल नाही. बागेत फळांचा तोडा चालला होता. झाडाखाली संत्र्यांचा ढीग, बायका बसून लहान-मोठी निवडत होत्या, पलीकडे प्लास्टिकची क्रेटं भरत होती.

"शरद, फुलं कुठं आहेत रे?"

"कायची फुलं?"

"तूच तं म्हणाला, बहर जोरात आहे!"

"आहे ना! हा काय!" त्यानं ढिगाकडे हात केला. "मिरगाचा बहार. भाऊजी, मिरगाची फुलं पावसाळ्यात येते. आता माल निंघते. आमी मालालेच बहार म्हनतो."

तो हसायला लागला होता, पण माझं तोंड पाहून थांबला.

"काऊन? काय झालं?"

"विमल लग्नानंतर म्हणाली होती, तिले बहाराचा वास आवडते."

"मंग हाच ना," शरद म्हणाला. "बाई तं तोड्याच्या दिवसात इथून हालेच नाई. निवडाले बसे. हात काळे व्हत, साबनानं बी जात नसे वास. माय ओरडे, हात धुवून जेव. ते बिनधुतलेच हात नाकाले लावून बसे."

त्यानं ढिगातून एक संत्रं उचललं, देठाशी दोन पानं होती. पान चुरगाळून माझ्या नाकाशी धरलं. मी वही काढली. शेवटच्या पानातली पट्टी काढली, नापास झालेली. एकदा पट्टी, एकदा पान. एकदा पान, एकदा पट्टी. तोच वास.

आयुष्यभर मी पोरांच्या वह्यांत काना, मात्रा, वेलांट्या दुरुस्त केल्या. एक काना सुटला तर अर्धा गुण कापला. आणि माझ्या बायकोनं 'बहार' म्हटलं होतं, मी 'बहर' ऐकलं. तिचा एक काना मी जन्मभर खाल्ला. त्याच्या बदल्यात तिला फुलं देत राहिलो, जी तिनं मागितलीच नव्हती.

शरदकडे ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि ठेचा जेवलो. निघताना त्यानं पिशवी भरून संत्री दिली. म्हणाला, "पानासकट तोडली. बाईले सांगजा."

परतीचा प्रवास लांब वाटला, ऊन उतरलं होतं तरी. वर्ध्यात दुकान बंद व्हायच्या आत पोचलो.

"ताई, तो पाचवा द्या. पानाचा."

"पास झाला?"

"पेपर तपासणारा नापास झाला," मी म्हटलं. त्यांनी अगदी लहान बाटली दिली. म्हणाल्या, आधी हीच संपवून पाहा, आणि अर्ध्या तासाच्या वर भरवसा ठेवू नका.

घरी पोचून आंघोळ केली. हातावरची अक्षरं निघाली नाहीत. गुडघ्यांना तेल लावलं, कारण दिवसभराच्या बसनं गुडघे बोलायला लागले होते. मग मनगटावर त्या बाटलीतला एकच थेंब. घासला नाही. ओसरीवर जाऊन बसलो. दोनदा केस सारखे केले, जणू मुलगी बघायला जाण्याचा कार्यक्रम आहे.

विमल चहा घेऊन आली. कप ठेवला. मागे सरकायला पाऊल उचललं आणि तिथेच थांबली.

"शरदच्या इथून हात न धुता आले काय?"

"धुतले. आंघोळ केली."

ती वाकली. माझा हात धरला, वास घेतला, आणि पुन्हा घेतला. मग हातावरची अक्षरं पाहिली. "हे काय आखून ठेवलं?"

मी सगळं सांगितलं. दुकान, आजी, खोडरबर, आणि बहारातला काना. ती ऐकता ऐकता पाटावर बसली होती, माझ्या पायाशी, कधी बसली ते मला कळलं नाही. कान्यापर्यंत आलो तेव्हा ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. तीन महिन्यांत पदर पहिल्यांदाच हसण्यासाठी तोंडाशी गेला.

"मंग तू कधी सांगितलं काऊन नाई? इतके गजरे आणले मी."

"आता काय सांगू," ती म्हणाली. "मानूस एवढ्या हौसेनं आनून राह्यला. घेऊन उभा राहे दारात. मी म्हटलं, असंल मास्तर लोकाच्या बहाराले फुलं."

तिनं पिशवीतलं एक संत्रं सोललं. पहिली फोड मला दिली, साल स्वतःच्या हातात ठेवली. अंधार पडायला लागला. तिच्या बागेच्या गोष्टी निघाल्या, माझ्या कधीच कानावर न आलेल्या: निवडायला बसलेल्या बायकांच्या जागा कशा ठरलेल्या असत, तिची जागा कोणती, आंबट संत्रं न चाखता कसं ओळखायचं. या माणसाबरोबर मी इतकी वर्षं राहतो आणि हे सगळं मला नवीन होतं.

या प्रवासाला एक दिवस पुरतो. रोहण्याला जायचं तर मार्चात जा, तोड्याच्या दिवसांत. बाग कुणाची असेल त्याला विचारूनच आत शिरा, आणि तिथून येताना लगेच हात धुऊ नका. वासांचं म्हणाल तर बाटलीवरच्या नावावर जाऊ नका. ज्याच्यासाठी घेताय त्याचं म्हणणं मात्र एकदा पुन्हा, नीट, ऐकून घ्या. माझ्याजवळ आता ती छोटी बाटली आहे आणि वहीत पाच पट्ट्या. 'नापास' मी खोडलं नाही. खाली लाल शाईनं फेरतपासणीचे गुण लिहिले, शंभर.

ताईंचा हिशेब बरोबर निघाला. त्या संध्याकाळी अर्धा तास झाला आणि मनगटाचा वास उडाला. मला आधी कळलं, मग विमलला. तिनं नाक जरा वर केलं.

"तुमच्या गुडघ्याचं तेल येऊन राह्यलं."

"मी तिकडे सरकतो," मी म्हटलं आणि उठायला लागलो.

"उठाच," ती म्हणाली. "माही बाज एका बाजूनं धरा. अंगनात न्याची आहे."