सरळ चालणारा रोबो

शाळेच्या जिन्याखाली एक खोली होती. तिला एकच खिडकी, तीही सायकलींच्या पडवीकडे उघडणारी, म्हणून भर दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागे. त्या खोलीत मुलांना रोबो शिकवणाऱ्या बाईंच्या एप्रनच्या खिशात कायम एक छोटा पाना असे, म्हणून मुलं त्यांना पानाबाई म्हणत. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. "हातोडाबाई नाही म्हणालात, उपकार झाले," एवढंच म्हणाल्या.

आंतरशालेय रोबो स्पर्धेचा कप ओळीने तीन वर्षं याच खोलीतून गेला होता. दुसऱ्या कोणाची त्याने मान ताठ झाली असती. पानाबाईंचा मात्र त्याच कपाने गळा धरला होता.

त्यांचे वडील दुसऱ्या गावी एकटे राहत. आई गेल्यापासून त्यांची नजर मंदावत चालली होती. दूध उतू गेलं की वासावरून कळे, तोवर कळत नसे. त्यांच्या घराजवळ याच संस्थेची दुसरी शाळा होती. बदली मिळाली असती तर सगळंच मार्गी लागलं असतं. बाई दरवर्षी अर्ज करत, आणि दरवर्षी नेमका कप येई. मग मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, चष्मा काढून हसत, "अहो, कप आणणाऱ्या माणसाला कोणी हातचं सोडतं का?" मुद्दाम हरावं म्हटलं तर वर्षभर राबलेल्या मुलांच्या तोंडाकडे बघवलं नसतं. देवापुढे हात जोडले तरी नक्की मागायचं काय, जिंकणं की हरणं, हेच त्यांना ठरवता येईना.

संध्याकाळी फोन केला की वडील विचारत, "काय गं, सुटलीस का?"

"नाही बाबा."

"जन्मठेपेच्या कैद्यालासुद्धा मधून रजा मिळते म्हणे."

"त्याला कप मिळत नाही ना," त्या म्हणत, आणि दोघंही हसत.

या वर्षी मात्र मोठ्या बाईंनी एक वाट दाखवली. "मुलं तुमच्याशिवाय उभी राहतात हे मला दिसू दे. नंबर कितवाही येवो. त्याच दिवशी सही करते."

ही गोष्ट बाईंना पटण्यासारखीच होती. मुलांना पहिल्या दिवसापासून त्या हेच सांगत आल्या होत्या. "महागडी मोटर, लुकलुकणारे दिवे, यांनी रोबो पहिला येत नाही. भाग कमी ठेवा. मोडला तर तिथल्या तिथे जोडता आला पाहिजे. आणि चालवा, चालवा, रोज चालवा. रोबोला अक्कल नसते रे, त्याची सवय झालेल्या हाताला असते."

तो हात होता घुमीचा. घुमी म्हणजे नववीतली एक मुलगी, जी विचारल्याशिवाय बोलत नसे आणि विचारलं तरी मोजकंच बोले. रिमोट तिच्याकडे. मैदानातले चेंडू उचलून पलीकडच्या खोक्यात टाकायचे, असा यंदाचा खेळ होता. मुलांनी स्वतः बांधलेला रोबो दिसायला काही देखणा नव्हता. त्याची डावीकडची मोटर जरा आळशी होती, त्यामुळे तो सारखा डावीकडे ओढ घेई, हट्टी वासरासारखा. घुमी काही न बोलता रिमोटचा दांडा किंचित उजवीकडे दाबून धरायची, आणि रोबो सुतासारखा जायचा.

"मोटर बदलायची का गं?" बाईंनी एकदा विचारलं होतं.

"नको. कळतो मला तो," घुमी म्हणाली.

तेव्हापासून बाईंनी हात मागे बांधले ते बांधलेच. मुलांनी स्क्रू वाकडा लावला तरी त्या खिडकीबाहेरच्या सायकली मोजत बसत. आपल्याच खोलीत त्यांना कोंडल्यासारखं होई.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी मुलं जेवायला गेली आणि खोलीत बाई आणि रोबो दोघेच उरले. त्यांनी तो सहज चालवून पाहिला. गेला डावीकडे. पुन्हा पाहिला. पुन्हा डावीकडे. उद्या सगळ्या शाळांसमोर हा असा तिरका चालणार! कपाटात नवी मोटर होती, तिचं पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं. माणसाला देवाने हात दिले, पण ते कधी आवरायचे ते ज्याचं त्याच्यावर सोडलं. बाईंचा पाना खिशातून कधी बाहेर आला ते त्यांनाही कळलं नाही. मुलं डबे धुऊन परत आली तेव्हा जुनी मोटर बाईंच्या पर्समध्ये होती आणि रोबो खोक्यात बांधून तयार होता. आता तो सरळ चालत होता. मुलांना सांगावं असं त्यांना दोनदा वाटलं. पण सांगितलं तर आपण हात लावला हे उघड होईल, म्हणून ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी स्पर्धेच्या दालनात शिक्षकांना दोरीपलीकडे थांबायचं होतं. मोठ्या बाई शेजारच्याच खुर्चीवर येऊन बसल्या. शिट्टी झाली. घुमीने सवयीने दांडा उजवीकडे दाबून धरला आणि रोबो थेट उजव्या भिंतीवर जाऊन आदळला. तिने मागे घेतला. पुन्हा उजवीकडेच. तिसऱ्या वेळी तर त्याने स्वतःचेच चेंडू सांडले. घुमीचा चेहरा पांढरा पडला होता. ती रिमोटकडे अशी बघत होती, जणू घरातल्याच माणसाने तिला ओळख दिली नव्हती.

बाईंच्या हाताला दोरी काचली तेव्हा त्यांना आपण ती किती घट्ट धरली आहे ते समजलं.

फेरी हातची गेली. मुलांनी रोबो उलटा केला आणि डोकी एकत्र घातली. मग घुमी सरळ दोरीपाशी आली.

"बाई, जुनी मोटर कुठंय?"

मोठ्या बाई ऐकत होत्या. नाही म्हणायला जागा नव्हती. बाईंनी पर्स उघडली, रुमालात गुंडाळलेली मोटर काढली आणि दोरीवरून दिली. एक परीक्षक हे पाहून जवळ आले.

"नवी काढून जुनी का लावताय?"

"आमचा हात जुनीवर बसलाय."

"मग बदलली कोणी?"

घुमीने बाईंकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, म्हणून ती जास्तच झोंबली. "आमच्या बाईंनी. त्यांना राहवत नाही."

परीक्षकांनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं. मुलांनी जुनी मोटर बसवली, ताराही न चुकता जोडल्या. पुढच्या फेऱ्यांत रोबो पुन्हा डावीकडे ओढ घेऊ लागला आणि चेंडू एकामागून एक खोक्यात पडले. पण पहिल्या फेरीचे गेलेले गुण काही भरून निघाले नाहीत. शाळा दुसरी आली. मुलं मात्र कप मिळाल्यासारखी एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती.

बसकडे जाताना पानाबाईंनी विषय काढला. "मुलं उभी राहिली ना, मॅडम? पाहिलंत ना तुम्ही?"

"पाहिलं की. मुलं छान उभी राहिली," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्हाला मात्र बाजूला उभं राहता आलं नाही. तिकडे पाठवलं तर तिथल्या मुलांचे रोबोही तुम्हीच बांधाल. पुढच्या वर्षी बघू."

त्या संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "सुटलीस का?"

"नाही बाबा. या वेळी दोष माझाच. हात आवरला नाही."

मग ते म्हणाले, "बरं. मी दुधापाशी स्टूल घेऊन बसत जाईन. तू मात्र पुढच्या वर्षी हात आवर आणि सुटून ये."

सोमवारी बाईंनी कपाटाची किल्ली घुमीच्या हातावर ठेवली. हत्यारं, मोटरी, पुढच्या वर्षासाठी मुलांनी बांधायला घेतलेला नवा रोबो, सगळं त्याच कपाटात. "ही तुझ्याकडे. मी मागितली तरी द्यायची नाही."

"रागावलात तरी?"

"रागावले तरी."

गुरुवारी नवा रोबो वळताना चाकातून कुरकुर ऐकू आली. मग सराव संपला आणि मुलं हात धुवायला गेली. रोबो कपाटात ठेवून, कुलूप लावून घुमी दारातच उभी होती.

"घुमे, किल्ली दे जरा."

"नाही बाई."

"अगं, एकच स्क्रू आहे."

"सगळे आले की आम्हीच बघतो."

बाई कपाटापाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले.