गोष्टींतले आईबाप परत येत नाहीत

मुलांच्या गोष्टी लिहिणाऱ्यांना आईबापांचं एवढं काय वावडं असतं, हे मला अजूनही कळलेलं नाही. पहिल्या दोन पानांत त्यांचा निकाल लागलाच पाहिजे. कुणाची होडी बुडते, कुणाला साथीचा ताप गाठतो, फारच दया आली तर परदेशी पाठवून देतात. मग पोरं मोकळी, गुहेत शिरायला आणि चोर पकडायला. आई असती तर म्हणाली असती, "आधी वेणी घालून घे." म्हणजे संपलीच गोष्ट.

सत्तरच्या दशकात मी पाचवीत होते आणि सोलापुरात आत्याकडे राहत होते. आईवडील श्रीपूरला, साखर कारखान्याच्या वसाहतीत. उसाचा हंगाम सुरू झाला की वडिलांना कामाची पाळी सोडून हलता येत नसे, आणि आईच्या कडेवर धाकटा भाऊ होता. पोरीनं शिकायचं तर शहरात, असं ठरवून मला जूनमध्ये आत्याच्या हवाली केलं होतं. दिवाळीनंतर त्यांची माझी गाठ नव्हती.

आत्याचे शेजारी सगळे तेलुगू बोलणारे विणकर. त्यांच्या मागांच्या खडखडाटात मी शाळेच्या कपाटातल्या पुस्तकांचा फडशा पाडायची. माझा गोंधळ तिथंच सुरू झाला. मी पोरकी होते की नव्हते? आईबाप चांगले धडधाकट, एसटीनं अर्ध्या दिवसावर. पण वेणी आत्या घालायची, ताप आला तर कपाळावर हात आत्याचा. बरं, पोरकी म्हणावं तर माझ्या वाट्याला गुहा का नाही? साधा एक चोरसुद्धा आला नाही. गोष्टीतल्या पोरांचा कधी कधी हेवा वाटायचा, आणि आपण हे काय मनात आणलं म्हणून लगेच गालावर चापट्या मारून घ्यायची. मग देवापुढे उभी राहून सांगायची, मला गुहा नको. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसलंच पुस्तक आणायची.

परीक्षा संपली आणि आई न्यायला येणार असं कळलं. मला आनंद झाला, आणि भीतीही वाटली. कारण आई परत आल्यावर काय करायचं, हे एकाही पुस्तकात नव्हतं. तिथले आईबाप गेले की गेले. धावत जाऊन बिलगायचं? रडायचं? की इतके दिवस आली नाहीस म्हणून रुसून बसायचं? माझं काही ठरेना.

ती भर दुपारी आली, उन्हानं लाल झालेली, हातात पिशवी. मी दारातच होते. तिला पाहिलं आणि जागच्या जागी उभी राहिले. मग पाय आपोआप आत वळले. उन्हातून घरी कुणी आलं की आधी गूळपाणी, हे वळण आत्यानं मला वर्षभरात पक्कं लावलं होतं. मी तांब्याभांडं आणि वाटीत गुळाचा खडा आणून आईपुढे ठेवला आणि शहाण्यासारखी बाजूला उभी राहिले.

आई बघतच राहिली. मग हसली. "आगं, मी काय पाव्हणी हाय व्हय?"

आत्या कौतुकानं म्हणाली, "लई गुणाची झालीय बघ तुझी लेक."

आईनं गूळ तोंडात टाकला, पाणी प्याली आणि पदरानं तोंड पुसलं. पुसायला तिला बराच वेळ लागला. "व्हय वन्सं," ती म्हणाली, "चांगलं वळण लावलंय तुमी."

आता ही नेहमीसारखी खेकसेल, "चल, आवर लवकर," असं मला वाटलं. माझ्या आईनं मला कधी काही विचारलं नव्हतं, ती सांगायची. त्या दिवशी मात्र तिनं विचारलं, आणि तेही हळू आवाजात. "येतीस न्हवं माज्यासंगं?"

मला जायचंच होतं. कधीपासून त्या दिवसाची वाट पाहत होते. पण हो म्हणायच्या आधी मी आत्याकडे पाहिलं, जाऊ का म्हणून.

आणि आईनं ते पाहिलं.