आग टोल्यावर, बंब टोल्यावर

नगरपालिकेत मी आधी जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसायचो. दाखल्याच्या रांगेतल्या कोणाशी ना कोणाशी माझं रोज वाजायचं. एकदा तर नवजात बाळाच्या आजोबांशीच भांडलो. शेवटी साहेबांनी बोलावलं आणि म्हणाले, "तुमच्या डोक्यात कायमची आग. तुम्ही अग्निशमनला जाऊन बसा, तिथं पाणी तरी आहे."

असा मी गोंदियाच्या अग्निशमन केंद्रात फोनवर आलो. मोबाइल नुकते खेड्यांत पोचत होते, ते दिवस. सरकारी कागदावर आमची गाडी म्हणजे 'अग्निशमन वाहन', शहरात 'दमकल', खेड्यात 'आगीची गाडी' आणि माझ्या आईच्या तोंडी 'बंब'. गाड्या दोनच होत्या. त्यातली एक ढकलल्याशिवाय सुरू व्हायची नाही आणि एकदा सुरू झाली की बंद करायला ड्रायव्हर धजायचा नाही.

मला वाटलं होतं, इथं दिवसभर ज्वाळा आणि उड्या असतील. प्रत्यक्षात आम्ही विहिरीत पडलेल्या म्हशी काढायचो, जयंतीच्या आदल्या दिवशी चौक धुवायचो, वादळात पडलेली झाडं रस्त्यातून ओढायचो. राइस मिलचा कोंडा पेटला की मात्र दोन-दोन दिवस मुक्काम. ती आग वरून दिसत नाही, आतल्या आत धुमसत राहते. मिलवाले पोहे-तर्री खाऊ घालायचे, म्हणून कोंड्याच्या आगीला जायला आमची माणसं एका पायावर तयार असत.

माझं काम फोन घेणं, पत्ता विचारणं आणि गाडी सोडणं. ऐकायला सोपं आहे. पण आग लागलेला माणूस पत्ता सांगत नाही, "लवकर या" म्हणतो आणि फोन ठेवतो. तळपायाची आग मस्तकात जायची माझी. त्यात खोटे फोन यायचे ते वेगळेच. गंमत म्हणून फोन करणाऱ्याला मी जे ऐकवायचो, ते ऐकून शेजारच्या खोलीतले फायरमन दार लावून घ्यायचे.

आणि मग टोले. आमच्या जिल्ह्यात मोठ्या गावाला लागून एक छोटी वस्ती असते, तिला टोला म्हणतात. गावागणिक टोला. त्याला कागदोपत्री नाव असतं, पण तिथं राहणारा माणूस ते कधी उच्चारत नाही. त्याच्यासाठी जगात एकच टोला आहे.

तो फोन भर दुपारी आला. धान कापून झालं होतं. कापलेल्या धानाचे भारे गोल रचून मळणीपर्यंत शेतात ठेवतात, त्याला आमच्याकडे पुंजणा म्हणतात. एका बाईचा आवाज होता, वाऱ्यात तुटत होता.

"आगीची गाडी पाठवा जी! पुंजणे जळून राहिले! टोल्यावर!"

"कोणता टोला?"

"आमचा टोला जी!"

"बाई, टोल्याला नाव नाही का? मोठं गाव कोणतं?" मी ओरडलो.

ती काहीतरी बोलली. त्यातलं मला फक्त शेवटचं 'पार' ऐकू आलं आणि फोन कटला. 'पार'ने संपणारी गावं आमच्याकडे पायलीची पन्नास. पण आदल्याच आठवड्यात अशाच एका गावाच्या टोल्यावर धानाचं तणस, म्हणजे पेंढा, पेटलं होतं. तोच असणार, असं मी ठरवून टाकलं आणि गाडी सोडली. माझ्या तोऱ्यात मी कोणाला विचारलंसुद्धा नाही.

अर्ध्या तासाने पुन्हा तीच बाई.

"गाडी नाही आली ना जी. एक पुंजणा गेला. दुसऱ्याले लागली."

मी या वेळी ओरडलो नाही. सावकाश विचारलं, "बाई, बोडीच्या पाळीवरून बोलता का?" बोडी म्हणजे गावतळं, पाळ म्हणजे त्याचा उंच बांध. खेड्यात तेवढ्याच उंचीवर रेंज यायची.

"हाव जी. इथूनच दिसून राहिलं सारं."

मग तिने मोठ्या गावाचं नाव सांगितलं. गाडी भलत्याच टोल्यावर गेली होती. तिथून या टोल्यापर्यंत डांबरी रस्त्याने मोठा वळसा होता.

"किती पुंजणे आहेत?"

"पाच होते. उद्या चुराई होती जी. खायाचं त्यातच, बियाणं त्यातच." चुराई म्हणजे मळणी. मग ती हळूच म्हणाली, "येऊन राहिली ना गाडी?"

मी "हो" म्हणालो. इतकं लाजिरवाणं 'हो' मी आयुष्यात म्हटलेलं नाही. ड्रायव्हरला मोबाइल लावला, तर सायरनच्या आवाजात त्याला तो ऐकू जाईना. मी नुसता फोनसमोर बसून राहिलो. एका बाईचं वर्षभराचं अन्न जळत होतं आणि ते माझ्या घाईने जळत होतं. मला रडू येत होतं, पण फोनवरचा माणूस रडत बसला तर पुढचा फोन कोण घेणार?

तिकडे काय चाललं होतं, ते मला संध्याकाळी कळलं. चुकीच्या टोल्यावर त्या दिवशी मंडई होती. दिवाळीनंतर आमच्या गावोगावी भरते ती जत्रा, नाच आणि दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य. अख्खी पंचक्रोशी जमलेली. त्यात सायरन वाजवत आमची गाडी शिरली. लोकांना वाटलं, नगरपालिकेने मंडईसाठीच पाठवली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कोणी चहा घेऊन आलं. ड्रायव्हर खिडकीतून ओरडत होता, "अरे भाई, आग कहाँ है?" आणि लोक म्हणत होते, "आग कायची जी? बसा, दंडार पाहा."

तेवढ्यात एका म्हाताऱ्याने धानाच्या बांध्यांपलीकडे बोट दाखवलं. धूर होता.

"तो तर तिकडचा टोला व्हय! सडकेनं नोका जाऊ, नहराच्या पाळीनं चला!"

नहर म्हणजे कालवा. त्याच्या पाळीवरून तो टोला हाकेच्या अंतरावर होता. आमच्या ड्रायव्हरला ती वाट माहीत असण्याचं कारणच नव्हतं. पुढे वाट दाखवायला मंडईतल्या एकाचा ट्रॅक्टर, मागे आमची गाडी आणि तिच्या मागे सगळी मंडई. सायकली, बैलगाड्या, पळणारी माणसं, दंडारीतला तोंडाला रंग लावलेला राजासुद्धा.

गाडीतलं पाणी दोन पेटलेल्या पुंजण्यांवरच संपलं. पण उरलेले तीन पुंजणे वाचले ते माणसांच्या हातांनी. शे-दीडशे लोकांनी भारा-भारा उचलून लांब नेला. माझी गाडी डांबरी रस्त्याने सरळ बरोबर पत्त्यावर गेली असती, तर तिच्यासोबत फक्त चार फायरमन असते.

ड्रायव्हर परत आला तो काळाठिक्कर होऊन, पण हसत. म्हणाला, "बाबूजी, आप तो जन्म-मृत्यू में ही ठीक थे." दुसऱ्या दिवसापासून केंद्रात मला बघितलं की कोणी ना कोणी म्हणायचं, "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!" मी चिडलो नाही. चिडायला तोंडच नव्हतं.

आठवड्याने ती बाई केंद्रात आली. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. दारातच विचारलं, "फोनवर चिल्लावून राहिले होते ते साहेब कोनते?" सगळ्यांनी आनंदाने माझ्याकडे बोट केलं.

मी उठलो आणि सरळ सांगून टाकलं, "बाई, चूक माझी होती. गाडी मी भलतीकडे पाठवली."

ती म्हणाली, "मालूम हाये जी. साऱ्या मंडईले मालूम हाये." आणि पिशवीतून तांदूळ काढून टेबलावर ठेवला. "वाचलेल्या धानाचा हाये. जरासा धूर लागला हाये. चालते का?"

तो भात आम्ही केंद्रातच रांधला. ती म्हणे वास येतो. आम्हाला काही आला नाही. आमच्या अंगालाच तो वास कायमचा.

त्याच दिवशी मी फोनच्या वरच्या भिंतीला एक मोठा कागद चिकटवला. तिला बसवून घेतलं आणि तिला माहीत असलेले सगळे टोले विचारले: मोठं गाव कोणतं, बोडी कुठे, नहराची पाळ कुठून जाते. नंतर खेड्यातून जो कोणी केंद्रात आला, त्याला मी त्या कागदासमोर उभा केला. वर्षभरात भिंत भरली. पुन्हा आमची गाडी भलत्या टोल्यावर गेली नाही.

पुढच्या वर्षी, धान निघाल्यावर, दुपारी फोन वाजला. तोच आवाज. मी पेन उचललं.

"साहेब, टोल्यावरून बोलून राहिली."

"काय झालं? कुठं लागली?"

"नाही लागली जी. चुराई झाली. सारं घरी आलं. म्हटलं, सांगून द्यावं."

आग लागली नाही, हे सांगायला आगीच्या नंबरावर फोन! दुसरा कोणी असता, तर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. मी म्हणालो, "बरं केलं, बाई."

त्यानंतर दरवर्षी तो फोन येत राहिला. चुराईचे दिवस आले की फायरमनसुद्धा विचारायचे, "आला का?" माझी बदली झाली त्या वर्षी थोडा उशीर झाला आणि मी टेबल आवरत असताना फोन वाजला. सवयीने, तिचा आवाज नीट ऐकायच्या आतच, मी खेकसलो, "कोणता टोला?"

ती हसली.

"तुमचा टोला जी," ती म्हणाली. "सारं घरी आलं."