अक्काच्या वाटचा झोका

मोठी बहीण, अक्का, गेली आणि माझा श्वास आखूड झाला. घेतलेला श्वास छातीच्या मध्यावर येऊन थांबायचा, तिथून ना खाली जायचा ना बाहेर पडायचा. जळगावच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, हृदयाची पट्टी काढली आणि सगळं ठणठणीत असल्याचं सांगितलं. मी शाळेत मराठी शिकवते. कवितेच्या दोन ओळी वाचल्या की मला टेबलाचा आधार घ्यावा लागे, आणि समोरची मुलं पुस्तकात न बघता माझ्याकडे बघत. दिवाळीनंतर मी लांब रजा टाकली. जूनमध्ये परत रुजू व्हायचं होतं, पण या श्वासावर कसं, ते कळत नव्हतं.

मग सुरू झाले माझे उपचार. सकाळी मेहरूण तलावाजवळ योगवर्ग, आठवड्यातून एकदा समुपदेशक बाई, आणि संध्याकाळी सासूबाईंनी हातात दिलेली जपमाळ. नवरा म्हणाला, एक ना धड भाराभर चिंध्या. त्याचं फारसं चुकत नव्हतं. मी तिन्ही गोष्टी शाळेच्या गृहपाठासारख्या करत होते, आणि गृहपाठ चोख असूनही नापास होत होते.

योगवर्ग घेणारे नाना वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या शांत बसा म्हणण्याचाच दचका बसायचा. श्वास घ्यायला कुणालाही येतं, सोडायला शिका, हे त्यांचं रोजचं पालुपद. मी सोडायला गेले की तो अर्ध्यातच अडकायचा. शवासनात मात्र मी हमखास कुठेतरी निघून जायचे. केळीच्या बागेतून चालते आहे, पानं एवढी मोठी की आभाळ हिरवं झालेलं, पायांखालून पाटाचं गार पाणी वाहतंय आणि पुढे अक्का चालली आहे. मी हाक मारते, पण हाकेला आवाज नसतो. मग नाना सर्वांना कुशीवर वळायला सांगायचे आणि बाग विरघळून जायची. डोळ्यांसमोर माझीच सतरंजी असायची, आणि उठावंसं वाटायचं नाही.

समुपदेशक बाई माझ्याहून वयानं बऱ्याच लहान होत्या. त्यांच्या खोलीत कूलर गुरगुरत असायचा आणि वाळ्याचा वास यायचा. एकदा त्यांनी समोर रिकामी खुर्ची ठेवली. इथे ताई बसल्या आहेत असं समजा, म्हणाल्या, आणि मनात असेल ते बोला. मी पुष्कळ प्रयत्न केला. पण खुर्चीत बसलेली अक्का मला दिसेचना. ती जन्मात कधी खुर्चीत बसली नव्हती. घरात खुर्च्या रिकाम्या असल्या तरी ती उंबऱ्याशी बसून काहीतरी निवडत असायची. हे सांगताना मला हसू आलं, बाईंनाही आलं, आणि तो तास तसाच गेला.

मात्र निघताना त्या जे बोलल्या ते कामाचं होतं. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या डब्यांत ठेवू नका, त्या म्हणाल्या. जप करताना श्वास कुठे अडतो ते बघा, आणि अडला की त्याला ढकलू नका, तिथे कोण उभं आहे ते बघा. तेव्हापासून मी रामनाम श्वासावर घेऊ लागले. ‘रा’वर श्वास आत, ‘म’वर बाहेर. सासूबाईंना ही पद्धत काही पसंत पडली नाही, पण त्यांनी अडवलं नाही. डोळे मिटले की मण्यामागून मणी सरकायचा, हळूहळू बोटं कुणा दुसऱ्याची वाटू लागायची, अंग हलकं व्हायचं, आणि ‘म’ अर्ध्यावर आला की थांबायचा. तिथे अक्का उभी असेल असं मला वाटत होतं. पण तिथे आई होती. तोंडाला पदर लावलेली, अक्काच्या तेराव्याला बसली होती तशी.

तेव्हा मला कळलं की मी आईवर रागावले आहे. अक्काच्या छातीत कितीतरी महिने दुखत होतं, हे मला ती गेल्यावर कळलं. आईला मात्र आधीपासून ठाऊक असणार याची मला खात्री होती. आमच्याकडे लेक नवऱ्याला सांगत नाही ते आईला सांगते. आणि आई, कुणाच्या सासरी बोभाटा नको म्हणून, ऐकलेलं पोटात ठेवते. अक्का गेल्यापासून मी फोनवर तिच्याशी ऊन, पाणी, गुडघे यांपलीकडे काही बोलले नव्हते. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, मग विचारा त्यांना. मी म्हटलं, आमच्याकडे आईला असं विचारत नाहीत.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले. धुळ्याच्या पुढे एसटी फाट्यावर सोडते, तिथून गाव पायी. रस्त्यावर उन्हाच्या झळा थरथरत होत्या आणि त्यांत गाव पाण्यावर ठेवल्यासारखं दिसत होतं. आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात आणि माहेरवाशिणींसाठी निंबाला झोका बांधतात. यंदा झोका बांधायचा नाही असं चुलत्यांनी ठरवलं होतं. लेकीला जाऊन वर्ष व्हायचंय, लोक काय म्हणतील. आई ओट्यावर बसून ऐकत होती. मग शांतपणे म्हणाली,

“घागर तिना सासरले भरतीन. माहेरमा लेकनं काय ऱ्हास? झोकाच ना. बांधा.”

लेकीचं माहेरी राहतं ते एवढंच, हे चुलत्यांनाही पटलं असावं. त्यांनी दोर आणला.

दुपारी जेवणं झाल्यावर, आमरसाची सुस्ती सगळ्या गल्लीवर पसरली असताना, मी झोक्यावर उभी राहिले. अक्का आणि मी नेहमी जोडीनं झोका घ्यायचो, एक बसलेली, एक उभी. मी एकटीच हलत होते. तेवढ्यात आई आली, पदर खोचला आणि माझ्या दोन पायांमध्ये पाटावर बसली, माझ्याकडे तोंड करून. घे, म्हणाली.

मी गुडघे वाकवून झोका घेतला. निंब पुढे यायचा, मागे जायचा. ओटा, गोठा, पांढरं आभाळ, पुन्हा ओटा. दोराची कुरकुर ऐकता ऐकता मला झोपेत असल्यासारखं वाटू लागलं, आणि त्या तंद्रीत मी विचारून टाकणार होते. शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात आई बोलली. वर न बघता, माझ्या साडीच्या निऱ्यांकडे बघत.

“तुले तरी सांगेल व्हतं का व तिनी?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. शिकलेल्या बहिणीला, जळगावच्या डॉक्टरांजवळ राहणाऱ्या बहिणीला अक्कानं सांगितलं असेल, असं आई इतके महिने धरून चालली होती. मी जसं तिच्याशी बोलत नव्हते, तशीच तीही माझ्याशी बोलत नव्हती.

“नही व माय,” मी म्हटलं. “माले वाटे, तुले ठाऊक शे.”

आईनं मान वर केली. इतक्या जवळून तिचा चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तिनं डोळ्यांनीच नाही म्हटलं.

“एकलीनीच सोसं मंग तिनी.”

एवढं बोलून तिनं माझे गुडघे कवटाळले आणि मोठ्यानं रडली. मीही रडले. पोटाच्या तळापासून आवाज निघत होता आणि मी तो अडवत नव्हते. ओट्यावर बायका जमल्या, चुलते बाहेर आले. झोका थांबवायला मात्र कुणी पुढे आलं नाही.